एका दिवसाची तपासणी

डिसेंबर 2023. केंद्रीय औषध नियंत्रकांची सूचना: क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसा इशारा बाटलीवर छापावा. कोल्ड्रिफ या सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधात ही दोन्ही द्रव्ये होती, सोबत पॅरासिटामॉल.

मार्च 2025. तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातील, कोल्ड्रिफ बनवणाऱ्या श्रीसन फार्माने प्रोपिलीन ग्लायकॉल खरेदी केले. पातळ औषधात ते विद्रावक म्हणून घालतात. हा माल औषधी दर्जाचा नव्हता. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळले आहे का, हे कारखान्यात तपासले गेले नाही. ते का तपासायचे, हे मुंबईला 1986 पासून ठाऊक आहे. जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेन्टिन यांचा अहवाल त्यावरच आहे.

मे 2025. कोल्ड्रिफची बॅच एसआर-13 तयार झाली.

ऑगस्टअखेर, परासिया, जिल्हा छिंदवाडा, मध्य प्रदेश. पावसाळी ताप, सर्दी, खोकला. डॉक्टरांनी मुलांना कोल्ड्रिफ लिहून दिले, दुकानातून बाटली आली, घरच्यांनी झाकणाने मोजून पाजले.

पहिल्या डोसानंतरचे काही तास. उलटी, पोटदुखी. तापातही असे होते. खोकला थांबला नाही म्हणून पुढचा डोस वेळेवर दिला जातो.

24 ते 72 तास. लघवी कमी होते, मग बंद. मूत्रपिंडे निकामी होत असतात.

इथून पुढची धाव नागपूरची. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा या सगळ्या पट्ट्याला मोठा दवाखाना म्हटला की नागपूरच. छिंदवाड्याहून अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. घरच्यांनी ते कापले, कुणी कर्ज काढून. त्यांच्याकडून कुठेही कसूर झाली नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

सप्टेंबर. मुले दगावू लागली. आधी संशय पाण्यावर, मग उंदरांपासून होणाऱ्या आजारावर. नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेकडे गेले. संशय गैर नव्हता. पण तो फिटेपर्यंत बाटल्या दुकानांतच होत्या. नागपुरात मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा बोट विषाकडे वळले.

सप्टेंबरचे शेवटचे दिवस. छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफची विक्री थांबवली. औषधाचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेकडे टपालाने पाठवले. मोटारीने सहा तासांचा रस्ता. पोचायला तीन दिवस लागले, असे वृत्त नंतर छापून आले.

बुधवार, 1 ऑक्टोबर, दुपारी 3.30. मध्य प्रदेशचे पत्र चेन्नईत तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाकडे पोचले. विभागाचे पथक त्याच दिवशी श्रीसनच्या कारखान्यात शिरले.

गुरुवार, 2 ऑक्टोबर. गांधी जयंती आणि दसरा, दोन्ही एकाच दिवशी. चेन्नईची सरकारी प्रयोगशाळा सुट्टीतही चालू राहिली. कारखान्यात 39 गंभीर आणि 325 मोठ्या त्रुटी नोंदल्या गेल्या.

शुक्रवार, 3 ऑक्टोबर, दिवसा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की तपासलेल्या नमुन्यांत डायइथिलीन ग्लायकॉल सापडले नाही. त्या नमुन्यांपुरते ते खरे होते. एसआर-13 त्यांत नव्हती.

शुक्रवार, रात्र. चेन्नईचा अहवाल पोचला. एसआर-13 मध्ये डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के. मर्यादा 0.1 टक्के. तपासणीला लागलेला वेळ सुमारे एक दिवस. मार्चमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉलचे पिंप आले तेव्हाही तितकाच लागला असता.

शनिवार, 4 ऑक्टोबर. मध्य प्रदेशभर बंदी. उरलेल्या बाटल्यांचा शोध घरोघरी सुरू झाला.

मंगळवार, 7 ऑक्टोबर. मध्य प्रदेशच्या उपमुख्यमंत्र्यांनी मृत मुलांचा आकडा दिला: 20. छिंदवाडा 17, बैतूल 2, पांढुर्णा 1. बहुतेक पाच वर्षांखालची. नागपुरात आणखी पाच मुलांवर उपचार चालू होते.