मैदान आणि महाद्वार



आमच्या पंढरपुरांत महाद्वाराशीं नामदेवाची पायरी आहे व तिच्यासमोरच चोखोबांची समाधि आहे. ज्या भक्ताला देवळाच्या आंत जातां आलें नाहीं, त्याला दाराबाहेर चिरविश्रांति मिळाली! इतिहास शिकवितांना ही समाधि मीं मुलांना पुष्कळदां दाखविली आहे. तिची आठवण व्हावी अशी एक हकीकत मला क्रिकेटच्या इतिहासांत आढळली. खेळ म्हणजे केवळ घटकाभराची करमणूक असें समजणाऱ्यांनीं ती अवश्य ऐकावी.

बाळू पालवणकर यांचें घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें, जातीनें चर्मकार. गेल्या शतकामागील शतकाच्या अखेरीस ते पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत. साहेबमंडळी सरावासाठीं त्यांच्याकडून चेंडू टाकवून घेत. बॅट मात्र त्यांच्या हातीं क्वचितच येई. याच सरावांतून एक असामान्य डावखुरा गोलंदाज तयार झाला.

युरोपियनांवर मात करावयाची तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा, हें पुण्याच्या हिंदु क्लबास उमगलें. कांहीं सभासदांचा विरोध होता, तरी बाळूंना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूस स्पर्श करीत. चहाची वेळ झाली, कीं बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांत चहा दिला जाई. म्हणजे चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

१९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळांत हरवितां येतें, ही जाणीव तेव्हां लहान नव्हती. आणि तो विजय मिळविणाऱ्यांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम हे दोघेही होते. पुढें १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. तरीही हिंदु संघाचें कप्तानपद त्यांना लाभलें नाहीं. १९२० सालीं या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. अखेर १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर कप्तान झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं युरोपियनांना नमवून चौरंगी सामने जिंकले.

मैदानावरील कीर्तीला राजकारणांतही मोल आलें. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें बाळूंना मुंबईंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभें केलें. आंबेडकर सुमारें दोन हजार मतांनीं विजयी झाले. बाळूंविषयीं दलित समाजांत अभिमान होता, पण आपल्या हक्कांसाठीं झगडणारा पुरुष कोण, हेंही त्या मतदारांनीं जाणलें होतें.

आतां पुन्हां पंढरपुराकडे वळूं. विठ्ठल नांवाचा एक चर्मकार खेळाडू १९२३ सालीं हिंदूंचा नायक झाला. परंतु विठ्ठलाच्या देवळाचें दार त्याच्या जातिबांधवांना त्या वेळीं बंदच होतें. तें उघडावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींना येथें दहा दिवस उपोषण करावें लागलें. मैदान आणि महाद्वार यांच्यांत चोवीस वर्षांचें अंतर पडलें.

मग खेळानें समाज सुधारला असें म्हणावें काय? अंशतःच म्हणावें. बाळूंना आंत घेतलें तें न्यायबुद्धीनें नव्हे, तर जिंकण्याच्या गरजेनें. म्हणूनच तें दार गरजेपुरतेंच किलकिलें झालें. ज्याच्या बोटांत तसली जादू नव्हती, त्या बापड्याचें काय? मात्र खेळाची एक थोरवी मान्य केलीच पाहिजे. धावफलकावर जात लिहीत नाहींत. जें समाज मानीत नव्हता, तें हजारों प्रेक्षकांसमोर आंकड्यांनीं सिद्ध झालें, आणि रूढीला तेवढें तरी लाजावें लागलें.

१९४७ सालीं उघडलेल्या दाराची महती याहून निराळी. तेथें आंत जाण्यासाठीं कोणालाही ११४ गडी बाद करून दाखवावे लागत नाहींत. मनुष्य असणें एवढेंच पुरे होतें. ही गोष्ट आपल्या मुलांना खेळ शिकवितांनाच शिकवावी, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंति.