फरकांड्याचे झुलते मनोरे

खानदेशात झुलत्या मनोऱ्यांचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळाच. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल तालुक्यात उतावळी नदीकाठी फरकांडे हे गाव आहे. तेथील जुन्या मशिदीला दोन मनोरे होते. वर चढून एक हलवला की दुसराही हलू लागे, अशी त्यांची ख्याती.

आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. जळगाव-धुळ्याकडे हा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, ही बुजुर्गांची करामत आहे. दुसरे म्हणते, ही निव्वळ थाप आहे, चुन्या-विटांचे बांधकाम कधी झुलते काय? ही मते परस्परविरोधी दिसतात. पण तपास करण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

हकीम इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी 'इशारात' या ग्रंथाच्या शेवटी यावर मार्ग सांगितला आहे. कानावर आलेली अजब गोष्ट पक्का पुरावा आडवा येईपर्यंत शक्यतेच्या कक्षेत ठेवावी, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे झटकन मानूही नये आणि झटकन धुडकावूही नये.

या वाटेने गेले की उलगडा होऊ लागतो. प्रत्येक उंच, सडपातळ बांधकामाची हलण्याची एक ठरावीक लय असते. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत राहिले की झोका वाढत जातो, तसेच मनोऱ्याचे होते. त्याची थरथर खालच्या समाईक बांधकामातून जुळ्या मनोऱ्यापर्यंत पोहोचते आणि लय सारखी असल्याने तोही डोलू लागतो. १६६५ साली हॉलंडच्या हायगेन्स यांना एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका तालात आलेले दिसले. तत्त्व याच जातीचे. अहमदाबादेत सीदी बशीर मशिदीचे आणि इराणात इस्फहानजवळचे मनोरेही असेच झुलते म्हणून प्रसिद्ध आहेत. मिस्त्रींनी हे जाणूनबुजून साधले की घडत गेले, हा प्रश्न मात्र खुला ठेवावा लागतो.

फरकांड्यात हा शोध घेणे आता अवघड झाले आहे, कारण दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला. जोडीच मोडल्यावर एकाच्या हलण्याने दुसरा हलतो की नाही, हे पाहणार कसे? करामत मानणाऱ्याला डागडुजीची निकड वाटत नाही, कारण बुजुर्ग सांभाळून घेतील. थाप म्हणणाऱ्याला मोजमापाची निकड वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे मोजण्यासारखे काही नाहीच. अशा दोन ठाम मतांच्या मध्ये वास्तू एकाकी पडते.

उरलेल्या मनोऱ्याची मापे, चित्रे आणि ज्यांनी तो हलताना पाहिला त्या वृद्धांच्या साक्षी आजच लिहून ठेवायला हव्यात. धुळे जिल्ह्यात थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत, त्यांच्याकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. आपल्या मुलांना वारसा दाखवताना 'हे असेच आहे' असे सांगण्यापेक्षा 'हे कसे असेल?' असे विचारायला आपण शिकवले, तर पुढच्या पिढीला निदान विचारण्यासाठी काही शिल्लक राहील.