करपा, अळंबी आणि गोबर गॅस : सजीवांच्या वाटणीची गोष्ट

मंडळी, भाताच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडले, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी, की आपण म्हणतो करपा आला. पान शेंड्याकडून कडेकडेनं पिवळं पडत खाली वाळत आलं, तर तो कडा करपा. नावं सख्ख्या भावांसारखी आहेत. पण पहिला रोग बुरशीचा आणि दुसरा जिवाणूचा. बुरशीनाशक दुसऱ्यावर चालत नाही. फवारणी होते, पैसे जातात आणि पान वाळायचं ते वाळतंच.

बुरशी वेगळी, जिवाणू वेगळा, हे आज आठवीच्या पुस्तकात आहे. पण माणसाला ते कळायला काही शतकं लागली.

आपल्याकडे फार जुनी वाटणी होती ती चार खाणींची. कीर्तनात आपण ऐकतो : जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. वारेतून जन्मणारे, अंड्यातून निघणारे, घामातून होणारे आणि जमीन फोडून वर येणारे. जन्म कसा होतो यावरून केलेली ही वाटणी. डोळ्यांना दिसतं त्यावर ती उभी होती आणि त्या काळाच्या मानानं ती विचारपूर्वक केलेली होती. ढेकूण, उवा घामातून होतात असं तेव्हा जगभरच मानत. 1668 मध्ये इटलीत रेदीनं मांसाच्या भांड्यावर कापड बांधलं आणि माशी बसू दिली नाही, तर अळ्या होत नाहीत हे दाखवलं. पुढं 1860 च्या सुमारास फ्रान्समध्ये पाश्चरनं सूक्ष्मजीवसुद्धा आपोआप तयार होत नाहीत हे सिद्ध केलं. स्वेदजाची खाण तिथं बंद झाली.

त्याआधी 1735 मध्ये स्वीडनच्या लिनियसनं सजीवांचे दोनच भाग केले होते, वनस्पती आणि प्राणी. हलतं-चालतं ते प्राणी, एका जागी उगवतं ते वनस्पती. मग अळंबीचं काय? ती उगवते, म्हणून गेली वनस्पतीत. ही चूक दोनशे वर्षांहून जास्त टिकली.

आपल्याकडच्या कामातही ती वाटणी दिसते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. आजही अभ्यासक तो उघडतात. पण तो फुलणाऱ्या झाडांचा. अळंबीला फूल नाही, त्यामुळं तिथं तिला जागा नाही. बुरशीचा पद्धतशीर अभ्यास व्हायला आपल्याकडे वेगळी संस्था लागली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आज तिला त्यांचंच नाव आहे आणि बुरशीचा राष्ट्रीय संग्रह तिथं ठेवलेला आहे.

अळंबीला स्वतःची सृष्टी मिळाली ती 1969 मध्ये. अमेरिकेच्या व्हिटाकरनं विचारलं, हा जीव खातो कसा? झाड उन्हावर अन्न बनवतं. प्राणी गिळतो. बुरशी यातलं काहीच करत नाही. ती अन्नावर पाचक रस सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. म्हणून पाच सृष्टी झाल्या : मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. गंमत म्हणजे 'कवक' हा शब्द मनुस्मृतीत कांदा-लसणाबरोबर निषिद्ध पदार्थांच्या यादीत आहे. तोच आज एका अख्ख्या सृष्टीचं नाव झालाय. पुढं आणखी कळलं की कवकं झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. खेकड्याच्या कवचात जे कायटिन असतं, तेच अळंबीच्या पेशीभित्तीत असतं. नायट्यावर औषध करणं किचकट का, त्याचं एक कारण इथं आहे. बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या इतकी जवळची, की तिला मारणारं आणि आपल्याला न दुखवणारं औषध शोधणं अवघड जातं.

आता आपल्या तालुक्यातल्या आणखी तीन गोष्टी बघा. भाताच्या खाचरात नत्र धरून ठेवणारं निळं-हिरवं शेवाळ हे शेवाळ नाहीच. ते जिवाणू आहेत, म्हणजे मोनेरा. कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल हे फूल नाही आणि एकटा जीवही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. त्याला एका सृष्टीत बसवायचं तरी कसं?

आणि गोठ्यामागचा गोबर गॅस. टाकीत जो जीव गॅस तयार करतो, तो दिसायला जिवाणूसारखा. 1977 मध्ये वूझ आणि फॉक्स यांनी अशाच जिवांचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास केला आणि लक्षात आलं की हे जिवाणू नव्हेतच. त्यांना आर्किया म्हणतात. 1990 मध्ये वूझनं सगळ्या सजीवांचे तीन मोठे गट मांडले. त्यातले दोन नुसते सूक्ष्मजीवांचे. माणूस, ऊस, बिबट्या आणि अळंबी हे सगळे मिळून तिसऱ्या गटात!

हे सगळं सांगायचं कारण आपल्या ग्रामपंचायतीत आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आली. वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्यांत प्राणी आहेत, काही वनस्पती आहेत. कवकांना तिथं खाना नाही. निदान गावच्या वहीत तरी तो असावा. आंबा, गजापूर, विशाळगडच्या पट्ट्यात पावसाळ्यात वारुळावर अळंबी येते. त्या वारुळात वाळवीच त्या बुरशीची शेती करत असते. खायची कुठली आणि कुत्र्याची छत्री कुठली, हे वाडीवाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना पक्कं ठाऊक आहे. चुकलं तर जीव जातो, इतकी ती माहिती मोलाची आहे. ती कुठंच लिहिली नाही, तर त्यांच्याबरोबर जाईल.

पुढच्या ग्रामसभेत नोंदवही मागून बघा. अळंबीचं पान आहे का? दगडफुलाचं? नसेल तर ते घालायला सांगा, आणि माहिती सांगायला त्या आज्यांना बोलवा.