रजिस्टरातलं आडनाव

‘आमचं आडनाव अगदी मूळचं’ असं कुणी ठासून सांगायला लागला की मी त्याला फलटणचं उदाहरण देतो. तिथले नाईक निंबाळकर मूळचे पवार. जवळच्या निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरचे पाटील. वाईचे रास्ते मूळचे गोखले. मेणवलीला कृष्णाकाठी ज्यांचा वाडा आहे ते नाना फडणवीस आडनावानं भानू. फडणिशी हा त्यांचा हुद्दा, आणि भानू आज कुणाच्या लक्षातही नाही. संस्थानिक आणि कारभाऱ्यांचीच ही तऱ्हा, मग तुमच्या-आमच्या घराण्याची काय कथा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होतो. नोकरीतला बराचसा काळ जनरल रजिस्टर सांभाळण्यात गेला: दाखले लिहायचे, उतारे द्यायचे, खाडाखोड दिसली की तिथे सही-शिक्का आहे का बघायचं. त्या सवयीमुळे कुणाचंही आडनाव ऐकलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो अर्थाचा नसतो. हे पहिल्यांदा लिहिलं कुणी, हे मला हवं असतं.

औंधच्या प्रतिनिधींचंच घ्या. छत्रपतींचा प्रतिनिधी हे पद होतं, राजाराम महाराजांच्या काळात निघालेलं. पुढे ते किन्हईच्या कुलकर्णी घराण्याकडे, परशुराम त्रिंबकांकडे आलं आणि घराणं पंतप्रतिनिधी झालं. कुलकर्णी हाही हुद्दाच, म्हणजे एका हुद्द्याच्या जागी दुसरा आला. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे भवानराव याच घराण्यातले. त्यांचे चिरंजीव भारताचे राजदूत झाले, ते मात्र नुसते अप्पा पंत. प्रतिनिधी गळालं, पंत राहिलं.

याच भवानरावांनी किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. कोकणातल्या किर्लोस गावावरून माणसाला आडनाव मिळालं आणि त्या आडनावावरून पलूसजवळच्या माळाला, रेल्वे स्टेशनसकट. आमच्या जिल्ह्यानं तरी दुसरं काय केलं? 1949 साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. अकरा वर्षं आम्ही ‘दक्षिण सातारा’ होतो आणि 1960 पासून सांगली. जुन्या दाखल्यांवर ‘जि. दक्षिण सातारा’ दिसलं की हल्लीची पोरं चक्रावतात.

धंद्यावरून पडलेल्या आडनावांत सगळ्यांत मोठं नाव साताऱ्याच्याच मातीतलं आहे. खटाव तालुक्यातल्या कटगुणचे गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा तिथे चौगुले होते. गावच्या कुलकर्ण्याशी वैर आलं, त्यांनी गाव सोडलं आणि पुरंदरातल्या खानवडीला गेले, असं चरित्रकार सांगतात. आजोबा शेटीबा पुण्यात आले. त्यांचे मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद फुलांच्या धंद्यात शिरले, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागले, पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. लोक त्यांना फुले म्हणू लागले. कुणी सनद दिली नाही, कुणी बारसं केलं नाही. पेठेतल्या गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव, आणि ते 1827 साली जन्मलेल्या जोतीरावांना आयतं मिळालं. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या नेवसे पाटलांची लेक सावित्री लग्नानंतर तेच लावू लागली.

आता रजिस्टराकडे येतो. साताऱ्यात जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरायचं. पुढे त्याचं प्रतापसिंह हायस्कूल झालं. 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला तिथे पहिली इंग्रजीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. नाव: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टर क्रमांक 1914. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीमार्गे साताऱ्यात आलेले. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. सकपाळ हे कोकणात चिक्कार पसरलेलं आडनाव, म्हणून की काय, रामजींनी मुलाला गावावरून आंबडवेकर लावलं. त्याच शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत या मुलाला आपल्या डब्यातली भाजी-भाकर देणारे. आंबडवेकर उच्चारायला अवघड, माझंच लाव म्हणाले, आणि तसं लिहिलं गेलं. ही हकीकत खुद्द बाबासाहेबांनी सांगितली आहे. गोलमेज परिषदेला जाताना गुरुजींचं आलेलं पत्रही त्यांनी जपलं होतं.

ही गोष्ट आपल्याकडे फार गोड करून सांगतात. गुरुजींचं मोठेपण मी कमी करत नाही. पण रजिस्टरात गुरुजींचं आडनाव असलेला तोच मुलगा वर्गात घरून नेलेल्या तरटावर बसत होता आणि संध्याकाळी ते तरट परत घरी नेत होता. 1901 साली तो आणि घरातली इतर मुलं परगावी असलेल्या वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला. जात विचारली, खरं उत्तर मिळालं, तसा तो मागे सरकला. आडनाव कोकणस्थाचं की देशस्थाचं याची त्याला पर्वा नव्हती. त्यानं सरळ जातच विचारली. मसूर कराड तालुक्यात आहे. गाडीतून जाताना मी त्या फलाटाकडे दर वेळी बघतो.

स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये आडनावं लिहून द्यायचं हेच काम सरकारनं ठोकात केलं. 1849 साली गव्हर्नर क्लावेरियानं आडनावांचं जाडजूड पुस्तक काढलं, त्याची पानं गावोगाव वाटली आणि घराघरानं एकेक आडनाव उचलायचं, असा हुकूम सोडला. करवसुली आणि शिरगणती सोपी व्हावी म्हणून. काही गावांत आजही बहुतेक आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात, कारण त्या गावाच्या वाट्याला तेच पान आलं होतं. तिथल्या एखाद्या घराचं आडनाव अस्सल स्पॅनिश असलं तरी पूर्वज स्पेनहून आलेले असतीलच असं नाही. आमच्याकडे असं पुस्तक कुणी वाटलं नाही. पलटण, तलाठी आणि शाळामास्तर यांनी जे विचारलं आणि बापानं जे सांगितलं, त्यावर भागलं. त्यामुळे सख्ख्या भावांत एकाचं आडनाव गावावरून आणि दुसऱ्याचं पाटीलकीवरून, असे दाखले मी स्वतः लिहिले आहेत.

पाटलांबद्दल तर बोलायलाच नको. सांगलीकडे मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत पाटील, मुसलमान पाटील. क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. मुलकी पाटलाचं पद सरकारनं 1962 च्या कायद्यानं मोडीत काढलं. रजिस्टरातले पाटील त्यानंतर कमी झाले नाहीत, उलट वाढले. हजेरीला ‘पाटील’ पुकारलं की अर्धा वर्ग उभा. म्हणून आम्ही बापाच्या नावानं हाक मारायचो.

आंबेडकर हे त्या मानानं विरळाच. रत्नागिरीत संगमेश्वर तालुक्यात आंबेड नावाची गावं आहेत, तरी आडनाव म्हणून ते फारसं भेटत नाही. उत्तर प्रदेशात मात्र 1995 पासून अख्खा आंबेडकरनगर जिल्हा आहे, आणि दक्षिणेकडे मुलाचं पहिलं नावच आंबेडकर ठेवलेलं आढळतं. 2018 साली उत्तर प्रदेश सरकारनं कागदोपत्री बाबासाहेबांचं नाव दुरुस्त केलं: ‘अंबेडकर’ऐवजी ‘आंबेडकर’, आणि मधे वडिलांचं ‘रामजी’. त्याचा पाठपुरावा तेव्हाचे राज्यपाल राम नाईक करत होते, आणि पुरावा म्हणून त्यांनी राज्यघटनेवरची बाबासाहेबांची हिंदी सही दाखवली. नाईकांचा जन्म सांगलीचा, बालपण आटपाडीत. बापाचं नाव मधे आलंच पाहिजे, हा हट्ट आमच्याकडच्याच माणसाला सुचणार.

हल्ली आडनाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, फी भरून. शिवाय 2023 पासून कुणबी नोंदींसाठी 1967 च्या आधीची रजिस्टरं शाळाशाळांतून बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. माझ्याकडेही माणसं येतात, आजोबाचं आडनाव नेमकं काय लिहिलं होतं ते विचारायला. मी सांगतो, आडनावाचा रकाना मागाहून बघा; आधी पणजोबाचं नाव आणि गाव जुळतंय का ते बघा.