वेलीचा देव चंद्र कसा झाला

चंद्राला ओषधींचा राजा म्हणतात. हा मान सूर्याला मिळाला असता तर कोणी विचारलं नसतं. पिकं त्याच्याच उन्हावर वाढतात. रात्री उगवणाऱ्या, पंधरवडाभर झिजत जाणाऱ्या चंद्राकडे झाडपाल्याचं राज्य कुठून आलं? या देवाचं कूळ शोधायचं तर आधी एका वनस्पतीपर्यंत जावं लागतं.

ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात ११४ सूक्तं आहेत आणि जवळजवळ सगळी एकाच देवतेची आहेत: सोम पवमान, म्हणजे गाळला जाणारा सोम. डोंगरावरून आणलेली वनस्पती दगडांनी कुटायची, लोकरीच्या गाळणीतून तिचा रस गाळायचा, त्यात दूध मिसळायचं, इंद्रादी देवांना द्यायचा आणि मग आपण प्यायचा. दगडांचा ठोका आणि पात्रात पडणारी धार यांनी ही सूक्तं भरलेली आहेत. यज्ञात ही वनस्पती विकत घेऊन गाड्यावरून आणत आणि दारी राजा आल्यासारखं तिचं आतिथ्य करत. राजा सोम हे नाव आधी तिचं आहे.

हिलेब्रांट या जर्मन पंडितांनी १८९१ मध्ये मांडलं, की ऋग्वेदातला सोम पहिल्यापासून चंद्रच आहे. बहुतेक अभ्यासकांनी हे मानलं नाही आणि मलाही ते पटत नाही. याला सर्वांत मोठी आडकाठी इराणची आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात हाच सोम हओम या नावाने येतो. तोही कुटला-गाळला जातो, त्याचीही स्तुती होते. पण चंद्र तिथे निराळा आहे, त्याचं नाव माह. पारशी धर्मगुरू यस्नविधीत आजही हओमाच्या काड्या कुटतात, पण तो रस म्हणजे चंद्र असं त्यांच्या परंपरेत कोणी म्हणत नाही. म्हणजे वेल आणि चंद्र यांची गाठ पडली ती भारतीय आणि इराणी या दोन्ही शाखा वेगळ्या झाल्यावर, भारतात.

ही गाठ ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात स्पष्ट दिसते. तिथल्या विवाहसूक्तात (१०.८५) सूर्याची मुलगी सूर्या हिचा वर सोम आहे आणि तो नक्षत्रांच्या कुशीत बसलेला आहे. कवी पुढे सांगतो, की वनस्पती कुटून पिणाऱ्याला वाटतं आपण सोम प्यायलो. जाणते ज्याला सोम म्हणतात तो मात्र कोणालाच पिता येत नाही. त्यानंतर शतपथ ब्राह्मण कसलाही आडपडदा ठेवत नाही: चंद्र हाच राजा सोम आणि तो देवांचं अन्न. भरलेला पेला घोटाघोटाने रिकामा व्हावा तसा कृष्णपक्ष. देव पितात, पितर पितात, आणि अमावास्येच्या रात्री सोम खाली उतरून पाण्यात आणि वनस्पतींत शिरतो. पुराणांनी हे पुढे चालवलं. विष्णुपुराणाच्या मते त्या दिवशी वेल तोडणाऱ्याला, झाडाचं एक पानही पाडणाऱ्याला ब्रह्महत्येचं पाप लागतं. ओषधीपती ही पदवी अशी सार्थ होते: तो झाडांवर राज्य करतो, कारण दर महिन्याला तो झाडांतच परततो.

क्षयाची कथाही याच अंगाने वाचावी असं मला वाटतं. तैत्तिरीय संहितेत प्रजापतीच्या मुली ३३ आहेत. सगळ्या सोमाला दिलेल्या, पण तो एकट्या रोहिणीकडे जातो. बाकीच्या माहेरी परततात. सर्वांना सारखं वागवीन अशी शपथ घेऊन तो त्यांना परत नेतो, शपथ मोडतो आणि राजयक्ष्मा त्याला ग्रासतो. महाभारताच्या वेळेपर्यंत प्रजापतीचा दक्ष झाला, मुली नक्षत्रांच्या हिशेबाने २७ झाल्या आणि रोगाला शापाचं कारण मिळालं. (रोहिणीची निवडही आकाश पाहून केलेली आहे. ही लालसर तारा चंद्राच्या वाटेला इतकी लागून आहे, की काही वेळा तो तिला झाकतो.) शल्यपर्वातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोम झिजू लागल्यावर देव धावत येतात ते रात्री अंधारल्या म्हणून नव्हे. ओषधी उगवेनाशा झाल्या, त्यांचा रस गेला, माणसं-जनावरं वाळली, म्हणून. चंद्र आजारी पडला आणि आजार वेलींना झाला. मग प्रभासतीर्थी स्नान करून तो पुन्हा उजळतो, सोमनाथ तिथलाच.

जन्मकथा मात्र एकमेकींशी जुळत नाहीत आणि जुळवायचा हट्टही कोणी धरला नाही. पुरुषसूक्तात तो विराट पुरुषाच्या मनातून जन्मतो, महाभारतात समुद्रमंथनातून वर येतो, हरिवंशात अत्रींच्या डोळ्यांतून पाझरतो. अत्रींचा पुत्र म्हणून तो आपल्या दत्तात्रेयाचा सख्खा भाऊ. बृहस्पतीची पत्नी तारा हिच्यापासून त्याला बुध झाला, बुधाचा पुरूरवा, आणि तिथून चंद्रवंश. देवगिरीच्या यादवांची वंशावळ लिहिताना त्यांचा मंत्री हेमाद्री चंद्रापासूनच सुरुवात करतो.

मूळ सोम वनस्पती मात्र केव्हाच हरवली होती. शतपथातच तिच्याऐवजी काय वापरावं याचे नियम आहेत. सुश्रुतसंहितेत सोमाच्या २४ जाती दिल्या आहेत, पण वर्णन पाहा: वेलीला १५ पानं, शुक्लपक्षात रोज एक फुटतं, कृष्णपक्षात रोज एक गळतं. वेलीवरून चंद्राकडे गेलेली कल्पना इथे उलटी फिरून चंद्रावरून वेल रचते. आज सोमयागात सहसा बिनपानांची सोमवेल वापरतात.

सोमवती अमावास्येला बायका पिंपळाला १०८ प्रदक्षिणा घालतात. पिंपळ विष्णूचा मानतात, आणि एवढं कारण व्रताला पुरतं. तरी वार सोमाचा, तिथी त्याच्या झाडांत उतरण्याची, आणि पूजा झाडाची, हे तिन्ही एकत्र आले की मला छांदोग्य उपनिषद आठवतं. तिथे ब्रह्मलोकात एक पिंपळ आहे. त्याचं नाव सोमसवन, सोम पाझरणारा.