स्वल्पविराम कोठे द्यावा?

धंतोलीतील एका शाळेच्या संगणक-कक्षात मुले एक तक्ता वाचत होती. पडद्यावर संख्या होती १,२५०,०००. एका मुलीने वाचले, "एक लाख दोनशे पन्नास हजार." वर्ग हसला. पण तिचे चुकले कोठे? दोन स्वल्पविराम असले की पहिल्याच्या आधी लाख असतात, हे आपणच तिला शिकवले होते! संख्या होती साडेबारा लाख. संगणकाची मांडणी मात्र अमेरिकन होती.

या घोटाळ्याचे मूळ संख्यांच्या नावांत आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी अशी प्रत्येक स्थानाला नावे आहेत. अयुत, प्रयुत व्यवहारातून मागे पडली. हजार, लाख, कोटी उरले. शंभर हजार म्हणजे लाख, शंभर लाख म्हणजे कोटी. म्हणून हजारानंतर दर दोन स्थानांनी नवे नाव. इंग्रजीत हजार हजारांचे एक मिलियन, म्हणून तेथे गट तीन-तीन अंकांचे. स्वल्पविराम फक्त नावांच्या मागून चालतो.

जर्मनीत तर स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह आहे. तेथे दीड म्हणजे १,५. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली बिंदू आणि स्वल्पविराम ही दोन्ही दशांशचिन्हे मान्य केली. तीन-तीन अंकांचे गट पाडायचे तर मध्ये केवळ मोकळी जागा सोडावी, असेही तिने पुन्हा सांगितले.

संगणकाच्या स्मृतीत संख्या स्वल्पविरामाशिवायच असते. तो दाखवण्यापुरता येतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन', मग 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज' उघडून 'डिजिट ग्रुपिंग'समोर १२,३४,५६,७८९ हा पर्याय निवडला की तीच संख्या १२,५०,००० दिसते. दशांशचिन्ह बदलताना मात्र सावध राहावे. बाहेरून आलेल्या मजकूर-फाइलीतील १,५ हे संगणक चालू मांडणीप्रमाणे वाचतो. त्याचे पंधरा होऊ शकतात, आणि चूक झाल्याचे तो सांगत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एकच संख्या दोन्ही मांडण्यांत दाखवा आणि विचारा, "कोणत्या अंकाची किंमत बदलली?" उत्तर 'एकाचीही नाही' असे आले, की स्थानिक किंमत मुलांना समजली. आणि त्या मुलीला हसणाऱ्यांनाही.