ब्लूग्रास संगीतमहोत्सव आणि कलावंतांचा चरितार्थ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातील डोंगराळ प्रदेशाशी निगडित असलेल्या ब्लूग्रास संगीतास प्राचीन लोककला समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः या संगीताचे आजचे रूप रेडिओच्या काळात सिद्ध झाले. केंटकीतील रोझीन या गावी १९११ साली जन्मलेल्या बिल मन्रो याने १९३९ मध्ये आपल्या 'ब्लू ग्रास बॉइज' या संचासह नॅशव्हिल येथील 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ-कार्यक्रमात प्रवेश केला. १९४५ च्या अखेरीस पाच तारांचा बँजो तीन बोटांनी वाजविणारा अर्ल स्क्रग्ज त्यास येऊन मिळाला, आणि मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार व बास या पाच वाद्यांची ही शैली पूर्णत्वास गेली. पुढे या शैलीस मिळालेले नावही या संचाच्याच नावावरून पडले. ज्या मैदानी महोत्सवांमुळे हे संगीत आज ओळखले जाते, ते तर त्यानंतर वीस वर्षांनी सुरू झाले. गतकाळाविषयीच्या ओढीतून हे महोत्सव जन्मास आले, असे सामान्यतः मानले जाते. कलावंतांच्या दैनंदिन जीवनाकडे पाहिले असता मात्र त्यांचे मूळ पोटापाण्याच्या प्रश्नातही होते, असे दिसून येते.

हे कलावंत मूळचे कष्टकरी होते. मन्रोने तरुणपणी इंडियानातील व्हायटिंग येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे धुण्याचे काम केले; स्क्रग्ज युद्धकाळात सूतगिरणीत राबत होता. संगीताने त्यांची कारखान्यातून सुटका केली. कष्टांतून केली नाही. रेडिओ-केंद्राकडून मिळणारे वेतन बहुधा तुटपुंजे असे. त्या प्रक्षेपणाचा खरा उपयोग रात्रीच्या कार्यक्रमाची वर्दी देण्यापुरता होता. पहाटे केंद्रावर गावे, दिवसा मोटारीने एखादे खेडे गाठावे, सायंकाळी तेथील शाळेत कार्यक्रम करून गाण्यांची पुस्तके विकावीत आणि रातोरात परतावे, असा क्रम चाले. केंद्राच्या टापूतील गावे एकदा ऐकून तृप्त झाली, की संचास दुसऱ्या केंद्राकडे बिऱ्हाड हलवावे लागे. १९४० नंतरच्या दशकात मन्रो स्वतःचा तंबू घेऊन फिरत असे. त्याचे साथीदार दिवसा स्थानिक संघाशी बेसबॉल खेळत आणि रात्री तंबूत वाजवीत; खेळ पाहण्यास जमलेले लोकच पुष्कळदा रात्रीचे श्रोते होत.

१९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही घडी विस्कटली. रॉक अँड रोलने तरुण श्रोता ओढून नेला. दूरचित्रवाणीने सायंकाळचा प्रेक्षक घरी बसविला. रेडिओ-केंद्रांनी प्रत्यक्ष गायनाऐवजी ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे धोरण स्वीकारले. व्हर्जिनियातील स्टॅन्ली बंधूंना १९५८ मध्ये आपला डोंगराळ मुलूख सोडून फ्लॉरिडातील लाइव्ह ओक येथे जावे लागले. याच सुमारास शहरांतील विद्यार्थ्यांमध्ये लोकसंगीताची आवड वाढीस लागली होती. १९६३ साली राल्फ रिंझलर या अभ्यासकाने मन्रोच्या कार्यक्रमांची व्यवस्था हाती घेतली व त्यास या नव्या श्रोतृवर्गापुढे आणले. तथापि हा वर्ग दूरदूर विखुरलेला होता. कोणत्याही एका टापूत संचाचे पोट भरेल इतके श्रोते उरले नव्हते.

या अडचणीवरील तोड म्हणजे महोत्सव. बिल क्लिफ्टन याने ४ जुलै १९६१ रोजी व्हर्जिनियातील लुरे येथे एक दिवसाचा मेळावा भरविला होता. त्यानंतर १९६५ च्या सप्टेंबरमध्ये कार्लटन हेनी याने त्याच राज्यातील फिनकॅसल येथे घोड्यांच्या पागेच्या आवारात तीन दिवसांचा महोत्सव योजिला. अखेरच्या दिवशी मन्रोचे जुने साथीदार एकेक करून त्याच्यासह व्यासपीठावर उभे राहिले आणि या शैलीचा इतिहास श्रोत्यांसमोर गाण्यांतून उलगडला. तोवर कलावंत श्रोत्याच्या गावी जात असे. आता श्रोता तंबू व शिधा घेऊन कलावंताकडे येऊ लागला. १९६७ च्या जूनमध्ये मन्रोनेही इंडियानातील बीन ब्लॉसम येथील आपल्या मालकीच्या जागेत महोत्सव सुरू केला.

या महोत्सवांतील आनंद केवळ श्रवणाचा नाही. मोटारी उभ्या करण्याच्या जागी रात्री उशिरापर्यंत वाद्ये वाजत राहतात. गाण्यांचा साठा बव्हंशी सामाईक असतो व प्रत्येक वादकाने पाळीपाळीने पुढे यावे, हा संकेत सर्वांस ठाऊक असतो. त्यामुळे परस्परांस अनोळखी माणसेही क्षणात एकत्र वाजवू शकतात. गिरणीकामगार आणि विद्यापीठातील विद्यार्थी यांची गाठ या वर्तुळात पडली. व्यासपीठावरून उतरलेला कलावंतही मेजामागे उभा राहून ध्वनिमुद्रिका विकतो आणि श्रोत्यांशी चार शब्द बोलतो. शाळेतील कार्यक्रमानंतर गाण्यांची पुस्तके विकण्याच्या जुन्या रीतीचेच हे रूप होय. श्रोत्यास जो जिव्हाळा वाटतो, तो कलावंताच्या दिनक्रमाचा आणि मिळकतीचा एक भाग असतो. म्हणून तो जिव्हाळा खोटा ठरत नाही. परंतु त्यामागील श्रमही विसरता येत नाहीत.

महोत्सवांनी सर्वांचा प्रश्न सोडविला, असेही नाही. फिनकॅसल येथे मन्रोसमवेत गाणारा कार्टर स्टॅन्ली १ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी वारला. नव्या व्यवस्थेचा लाभ त्यास फारसा झाला नाही. तो त्याचा भाऊ राल्फ यास झाला. राल्फने १९७१ पासून आपल्या मुलखात भावाच्या स्मरणार्थ वार्षिक महोत्सव भरविला. महोत्सवांचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्यापुरता असल्याने अनेकांस अन्य व्यवसाय सोडता आला नाही. १९७१ साली वॉशिंग्टनच्या परिसरात स्थापन झालेल्या 'सेल्डम सीन' या संचात एक डॉक्टर, एक गणितज्ञ, एक नकाशाकार व एक व्यावसायिक चित्रकार होता. नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदाच वाजवावयाचे, असा त्यांचा बेत होता. 'क्वचितच दिसणारे' या अर्थाचे त्यांचे नाव तेच सुचविते.

सारांश, मागे पडलेल्या ग्रामजीवनाचे स्मरण हा या महोत्सवांचा विषय असला, तरी त्यांची रचना सर्वस्वी आधुनिक परिस्थितीतून निर्माण झाली आहे. जुन्या घराविषयीची गाणी गाणारे पुष्कळसे कलावंत त्या घरातून रोजगारासाठीच बाहेर पडले होते आणि रोजगारासाठीच गात होते. या संगीताचा इतिहास लिहिताना गाण्यांच्या चालींइतकीच त्यांच्या बिदागीची आणि प्रवासाची नोंदही अभ्यासकास घ्यावी लागेल.